छाटकलमांना मुळे फुटण्यासाठी उपयुक्त जिवाणूंचा वापर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंजीर, डाळिंब, तुती किंवा द्राक्षाचा खुंट यांची काडी पिशवीत खोचल्यापासून तिला स्वतःची मुळे येईपर्यंतचे चार ते सहा आठवडे रोपवाटिकेतील सर्वांत नाजूक असतात. या काळात पाणी ओढायला काडीला मूळ नसते, कापलेले टोक मातीतील प्रत्येक बुरशीला उघडे असते आणि खोडात साठवलेल्या अन्नावरच तिला दिवस काढायचे असतात. याच टप्प्यावर उपयुक्त जिवाणू मदत करू शकतात का, कोणते करतात आणि कोठे त्यांच्याकडून अवास्तव अपेक्षा ठेवली जाते, याविषयी शेतकरी आणि रोपवाटिकाधारक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातील फळझाडांची आहेत.

जिवाणू लावले की प्रत्येक काडीला मुळे फुटतात का?

नाही. काडी कोवळी, रोगट किंवा सुकलेली असेल, माध्यमात, म्हणजे काडी ज्यात खोचतो त्या पिशवीतील मिश्रणात, पाणी साचत असेल किंवा वरून ऊन लागत असेल, तर कोणतेही संवर्धक, म्हणजे जिवंत जिवाणूंचे तयार उत्पादन, तिला वाचवू शकत नाही. चांगल्या काडीला चांगल्या व्यवस्थेत जिवाणूंची जोड मिळाली, तर मुळांची संख्या, त्यांची दाटी आणि पुनर्लागवडीनंतर रोप तग धरण्याची शक्यता वाढू शकते. हे काम मदतनिसाचे आहे आणि त्याचे मोल कमी नाही, परंतु मूळ कामाची जागा ते घेऊ शकत नाही.

मुळात काडीला मुळे फुटतात कशी?

हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीही नीट कळणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. काडी झाडापासून वेगळी केली की कोंबाकडून खाली वाहणारे ऑक्सिन हे संजीवक पुढे जाऊ शकत नाही आणि ते खालच्या कापाजवळ साचू लागते. जखमेच्या कडेने पांढरट, मऊ पेशींची गाठ तयार होते, तिला कॅलस म्हणतात. कॅलस म्हणजे मूळ नव्हे, ती जखमेवर धरलेली खपली समजावी. मुळाचा खरा अंकुर सालीच्या आतील, अन्नवाहिन्यांलगतच्या पेशींतून तयार होतो आणि साल फोडून बाहेर येतो. ऑक्सिन पुरेसे असेल, साठवलेले पिष्ट भरपूर असेल आणि त्या जागी ओलाव्याबरोबर हवाही असेल, तरच हा अंकुर धरतो.

सुरुवातीला अंकुर धरण्यासाठी ऑक्सिन बऱ्यापैकी लागते, परंतु अंकुर धरल्यावर तेच जास्त प्रमाणात राहिले तर मुळाची लांबी खुंटते. संजीवकाचे प्रमाण चुकलेल्या काड्यांच्या बुडाशी कॅलसचा मोठा गोळा दिसतो आणि मूळ मात्र एकही नसते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

मग जिवाणू नेमके काय करतात?

त्यांची कामे चार आहेत आणि एकच जिवाणू चारही कामे करील असे नाही.

पहिले काम ऑक्सिन तयार करण्याचे. मुळांच्या परिसरातील अनेक जिवाणू ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून इंडोल अॅसिटिक आम्ल बनवतात. वनस्पती स्वतः जे ऑक्सिन बनवते तेच हे द्रव्य. बाटलीतील संजीवक एकदाच आणि भरपूर दिले जाते, तर जिवाणू ते थोडे थोडे आणि जागेवरच देत राहतात. १९३४ मध्ये हे द्रव्य ओळखले गेले आणि १९३५ मध्ये त्याचा टिकाऊ भाऊबंद असलेल्या इंडोल ब्युटिरिक आम्लाचा, म्हणजे आपल्या रोपवाटिकांत ज्याला आयबीए म्हणतात त्याचा, मुळे फुटण्यासाठी उपयोग होतो हे कळले. नुसते इंडोल अॅसिटिक आम्ल प्रकाशाने आणि काडीतील विकरांमुळे लवकर मोडते, म्हणून ते सतत बनवणारा शेजारी जवळ असणे हिताचे ठरते.

दुसरे काम ताण कमी करण्याचे. कापलेल्या आणि पाण्यावाचून राहिलेल्या काडीत इथिलिन वायू वाढतो आणि तो फार वाढला की मुळांची वाढ अडते. काही जिवाणूंकडे एसीसी डिअॅमिनेज नावाचे विकर असते. इथिलिन ज्या द्रव्यापासून बनते तेच ते जिवाणू खाऊन टाकतात, त्यामुळे वायू बनण्याआधीच त्याचा कच्चा माल कमी होतो. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे बर्नार्ड ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मांडणी १९९८ मध्ये केली.

तिसरे काम राखणीचे. स्युडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू सिडेरोफोर नावाची द्रव्ये सोडून आसपासचे लोह पकडून ठेवतो, त्यामुळे रोगकारक बुरशीला ते मिळत नाही. बॅसिलस सबटिलिसच्या अनेक वाणांकडे, म्हणजे त्याच जातीच्या उपप्रकारांकडे, बुरशीला मारक द्रव्ये असतात. माझ्या मते रोपवाटिकेत सर्वाधिक भरवशाचा लाभ हाच आहे, कारण पिथियम, फ्युजॅरियम यांसारख्या बुरशींमुळे काड्यांचे बूड काळे पडून त्या मरतात, आणि त्यांच्यापासून वाचलेली काडी मुळे फुटलेल्या काड्यांच्या हिशोबात आपोआप धरली जाते.

चौथे काम अन्नद्रव्यांचे, म्हणजे नत्र स्थिर करणे आणि स्फुरद विरघळवणे. मुळे येण्याआधी या कामाला फारसा अर्थ नसतो, ते रोप जमिनीत गेल्यावर महत्त्वाचे ठरते.

हे प्रयोगांतून सिद्ध झाले आहे, की केवळ कंपन्यांचा दावा आहे?

मूळ तत्त्वाला भक्कम आधार आहे. २००२ मध्ये चेरिल पॅटन आणि बर्नार्ड ग्लिक यांनी स्युडोमोनास पुटिडा या जिवाणूचा एक वाण घेऊन स्वच्छ प्रयोग केला. या जिवाणूची ऑक्सिन बनवण्याची क्षमता काढून घेतली तेव्हा कॅनोलाच्या रोपांची मुळे मूळ वाणाने दिलेल्या लांबीपर्यंत पोहोचली नाहीत. मुगाच्या छाटा ऑक्सिन बनवणाऱ्या मूळ वाणाच्या द्रावणात भिजवल्या तेव्हा मुळे संख्येने पुष्कळ आली, पण आखूड राहिली. वर सांगितलेली ऑक्सिनची दुधारी गोष्ट या एका प्रयोगात स्पष्ट दिसते.

झाडांबाबत ब्राझीलमधील व्हिसोझा विद्यापीठात निलगिरीच्या छाटांवर दीर्घकाळ काम झाले आहे. तेथे निलगिरीच्याच मुळांलगतच्या मातीतून जिवाणू वेगळे करून ते मुळे फुटवण्याच्या माध्यमात मिसळले गेले. तुर्कस्तानातील संशोधकांनी किवी, द्राक्ष आणि गुलाबाच्या काड्यांवर बॅसिलस व अॅग्रोबॅक्टेरियमच्या वाणांचे प्रयोग केले आहेत. या कामांतून एक गोष्ट सारखी पुढे येते, ती अशी की परिणाम वाणावर आणि झाडाच्या जातीवर अवलंबून असतो. निलगिरीच्या एका क्लोनला, म्हणजे एकाच झाडाच्या छाटांपासून वाढवलेल्या रोपांना, उपयोगी पडलेला जिवाणू दुसऱ्या क्लोनवर निष्प्रभ ठरू शकतो. म्हणून पाकिटावर केवळ जिवाणूचे नाव वाचून हमी धरू नये.

रोपवाटिकेसाठी कोणते जिवाणू निवडावेत?

काडी लावताना स्युडोमोनास फ्लुरोसन्स किंवा बॅसिलस सबटिलिस यांपैकी एक घ्यावा. बॅसिलस कठीण कवचाचे बीजाणू बनवतो, त्यामुळे तो उन्हाळ्यातील साठवणीत अधिक टिकतो, आणि महाराष्ट्रातील एप्रिल-मे लक्षात घेता हा गुण मला मोलाचा वाटतो. अॅझोस्पिरिलम आणि अॅझोटोबॅक्टर यांना आपण नत्र स्थिर करणारे म्हणून ओळखतो, परंतु छाटकलमात त्यांचा उपयोग झाला तर तो बहुधा त्यांनी बनवलेल्या ऑक्सिनामुळे होतो. अॅझोटोबॅक्टरला नत्र स्थिर करण्यासाठी सहज पचणारे सेंद्रिय कर्ब भरपूर लागते आणि कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) पिशवीत ते जवळजवळ नसते.

स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचेही तसेच आहे. विरघळवण्याजोगा अविद्राव्य स्फुरद कोकोपीटमध्ये नसतोच. आपण विद्राव्य खत देत असू, तर या जिवाणूंना तेथे काम उरत नाही. त्यांची खरी जागा लागवडीच्या खड्ड्यात आहे, विशेषतः चुनखडीच्या काळ्या जमिनीत, जेथे दिलेला स्फुरद चुन्याशी बांधला जातो.

सुरूच्या झाडाची गोष्ट वेगळी आहे. कोकणच्या किनाऱ्यावर वाळूत उभे राहणारे हे झाड शेंगवर्गीय नसूनही मुळांवर गाठी धरते आणि त्या गाठींत फ्रँकिया नावाचा, तंतूंसारखा वाढणारा जिवाणू राहून नत्र स्थिर करतो. हा जिवाणू प्रयोगशाळेत वेगळा करून वाढवणे १९७८ मध्ये प्रथम साधले. छाटांपासून सुरूची रोपे तयार करणाऱ्यांनी जुन्या सुरूखालच्या मातीचा किंवा गाठींच्या चुऱ्याचा थोडा अंश पिशवीत मिसळण्याची पद्धत समजून घ्यावी, मात्र ती माती निरोगी झाडाखालचीच असावी.

कोणत्या झाडांत फरक दिसतो?

तुती, अंजीर, गिरिपुष्प आणि शेवगा यांच्या काड्या मुळातच सहज रुजतात. तेथे रुजण्याची टक्केवारी वाढायला जागा थोडी असते, मुळांचा झुपका दाट होणे एवढाच लाभ दिसतो. डाळिंबासारख्या मध्यम झाडांत फरक दिसण्याची शक्यता सर्वाधिक असते. आंबा आणि चिकू यांची पक्व काडी व्यवहारात रुजत नाही, म्हणून तर कोयकलम, भेटकलम, मृदुकाष्ठ कलम या पद्धती रूढ झाल्या. तेथे जिवाणूंवर पैसे घालू नयेत.

उसाच्या बेण्याला जिवाणू लावतात, ती पद्धत येथे चालेल का?

हा प्रश्न फार चांगला आहे, कारण उसाचे टिपरे ही आपल्या शेतकऱ्याने सर्वाधिक हाताळलेली छाट आहे. उसासाठी १०० लिटर पाण्यात १० किलो अॅसिटोबॅक्टर आणि १.२५ किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू मिसळून टिपरी ३० मिनिटे बुडवण्याची शिफारस आपल्याकडे प्रचलित आहे. हा अॅसिटोबॅक्टर उसाच्या आत राहणारा जिवाणू असून तो १९८८ मध्ये ब्राझीलमध्ये व्लादिमीर कॅव्हालकान्ते आणि योहाना डोबेरायनर यांनी वर्णिला. तो उसाच्या साखरयुक्त रसात वस्ती करतो, त्यामुळे तोच डाळिंबाच्या काडीत तसेच काम करील असे गृहीत धरणे चुकीचे होईल.

पद्धतीतील क्रम मात्र जसाच्या तसा घ्यावा. उसात बुरशीनाशक व कीटकनाशकाची प्रक्रिया आधी होते, बेणे निथळते आणि जिवाणूंची प्रक्रिया शेवटी होते. काड्यांसाठीही हाच क्रम योग्य आहे.

काडी कशी निवडावी आणि कापावी?

एक वर्ष वयाची, पेन्सिलीएवढी जाड, २० ते २५ सेंटिमीटर लांब आणि चार-पाच डोळे असलेली काडी घ्यावी. ती ज्या झाडाची आहे ते मातृवृक्ष म्हणून उत्पादनाच्या आणि रोगाच्या दृष्टीने पारखलेले असावे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ घ्यावा आणि वरचा काप डोळ्याच्या वर साधारण एक सेंटिमीटरवर तिरपा घ्यावा. त्यामुळे पाणी डोळ्यावर थांबत नाही आणि मजूर घाईत असले तरी काडी उलटी खोचली जात नाही. उलटी लावलेली काडी रुजत नाही किंवा फार वाईट रुजते, कारण ऑक्सिनचा प्रवाह काडीच्या मूळ दिशेनेच चालतो. सिकेटर प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावे. काड्या सकाळी काढून ओल्या गोणपाटात ठेवाव्यात आणि शक्यतो त्याच दिवशी लावाव्यात.

जिवाणूंचे प्रमाण किती घ्यावे आणि ते कसे लावावेत?

भारतातील जिवाणू खतांच्या मानकानुसार भुकटीच्या दर ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवरूप संवर्धकाच्या दर मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. ५०० ग्रॅम भुकटी किंवा २५० मिलिलिटर द्रवरूप संवर्धक ५ लिटर पाण्यात मिसळले, तर दोन्ही बाबतींत दर मिलिलिटरला सुमारे ५० लाख पेशी मिळतात. प्रयोगशाळेतील चाचण्यांत पुष्कळदा यापेक्षा कितीतरी दाट द्रावण वापरलेले असते, हे तेथील निकाल वाचताना ध्यानात ठेवावे. पाकीट जुने असेल आणि त्यातील जवळजवळ सगळे जिवाणू मेलेले असतील, तर आपण काडीला जवळजवळ नुसते पाणीच लावत असतो.

या द्रावणात काड्यांचा खालचा एक तृतीयांश भाग १५ ते ३० मिनिटे सावलीत बुडवून ठेवावा, मग न धुता लगेच लावावा. लावण्यासाठी ओलसर माध्यमात आधी खुंटीने भोक पाडावे, नाहीतर खोचताना जिवाणूंचा थर घासून निघतो आणि कापलेली सालही सोलली जाते. पुढे १० ते १५ दिवसांनी आणि मुळे दिसू लागल्यावर पुन्हा एकदा तेच द्रावण पातळ करून माध्यमात ओतावे. लावलेले जिवाणू काही आठवड्यांत संख्येने घटतात, कारण तेथील स्थानिक सूक्ष्मजीव त्यांच्याशी स्पर्धा करतात.

दाट द्रावण म्हणजे जास्त फायदा, असे समजून प्रमाण पाच-दहा पटींनी वाढवू नये. ऑक्सिन बनवणाऱ्या जिवाणूंची अतिगर्दी मुळे आखूड करू शकते.

आयबीए आणि जिवाणू एकत्र वापरता येतात का?

वापरता येतात, परंतु एकाच भांड्यात नव्हे. डाळिंबासारख्या पक्व काड्यांसाठी आयबीएचे २००० ते ३००० पीपीएमचे (दहा लाख भागांत तितके भाग) द्रावण करतात. १ ग्रॅम आयबीए अल्कोहोलमध्ये विरघळवून, निम्मे पाणी असलेले ५०० मिलिलिटर द्रावण केले की २००० पीपीएम होते. या अल्कोहोलमध्ये जिवाणू मरतात. म्हणून काडीचे बूड आयबीएमध्ये ५ ते १० सेकंद बुडवावे, १५ मिनिटे सावलीत वाळू द्यावे आणि काडी लावून टाकावी. जिवाणूंचे द्रावण मग दोन-तीन दिवसांनी माध्यमात ओतावे. आयबीए लावल्याबरोबर काडी पुन्हा अर्धा तास पाण्यात ठेवली तर लावलेले संजीवक काही अंशी धुऊन जाते, म्हणून बुडवण्यापेक्षा ओतणे मला अधिक योग्य वाटते.

प्रमाणित सेंद्रिय रोपांसाठी कृत्रिम संजीवक टाळावे लागते आणि तेथे जिवाणूंचे महत्त्व वाढते. अशा वेळी वापरायचे उत्पादन आपल्या प्रमाणीकरण संस्थेला आधी दाखवून घ्यावे.

बुरशीनाशके आणि स्ट्रेप्टोसायक्लिन यांचे काय?

स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक आहे आणि उपयुक्त जिवाणू व रोगकारक जिवाणू असा भेद ते करीत नाही. डाळिंबाच्या तेल्या या जिवाणूजन्य रोगासाठी ते वापरणाऱ्यांनी त्याच आठवड्यात त्याच काडीला जिवाणू संवर्धक लावण्यात अर्थ नाही. ताम्रयुक्त बुरशीनाशके आणि बोर्डो मिश्रण हीसुद्धा जिवाणूंना मारक आहेत. कार्बेन्डाझिमचा मुख्य परिणाम बुरशीवर होतो, म्हणून त्यात काडी बुडवून निथळवल्यावर जिवाणू लावता येतात. तीच प्रक्रिया ट्रायकोडर्माला मात्र मारक ठरते, कारण ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशी आहे. ताम्रयुक्त औषध आणि जिवाणू यांत किमान आठ-दहा दिवसांचे अंतर ठेवावे.

नळाचे पाणी चालते का?

नळाच्या पाण्यातील क्लोरिन जिवाणूंना मारण्यासाठीच घातलेले असते. ते पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. विहिरीचे पाणी अधिक चांगले, पण ते खारट नसावे.

पाकीट विकत घेताना काय पाहावे?

जिवाणूचे नाव, पेशींची किमान संख्या, उत्पादनाची तारीख आणि वापराची अंतिम मुदत पाहावी. जिवाणू खते २००६ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत, त्यामुळे अॅझोटोबॅक्टर, अॅझोस्पिरिलम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू यांच्या पाकिटावर ही माहिती असणे बंधनकारक आहे. स्युडोमोनास आणि बॅसिलस सबटिलिस रोगनियंत्रणासाठी विकले जातात तेव्हा ते कीटकनाशक कायद्याखाली येतात व त्यांच्यावर नोंदणी क्रमांक असावा लागतो. असा क्रमांक नसलेले, मोघम नावाचे आणि सर्व पिकांवर सर्व रोगांना चालते असे सांगणारे पाकीट घेऊ नये. कृषी विद्यापीठांची विक्री केंद्रे, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा जैविक खत विभाग किंवा मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट येथून उसासह इतर पिकांची संवर्धके मिळतात.

आणखी एक गोष्ट पाकिटावर लिहिलेली नसते, ती म्हणजे ते दुकानात कसे ठेवले होते. मे महिन्यात पत्र्याखाली किंवा काचेमागील उन्हात पडलेले संवर्धक मुदतीत असूनही निकामी झालेले असू शकते. थंड, सावलीची साठवण असलेल्या ठिकाणाहूनच घ्यावे आणि घरीही खते-औषधांच्या खोलीत ठेवू नये.

गूळ-पाण्यात संवर्धक वाढवले, किंवा जीवामृत वापरले तर?

गूळ-पाण्यात जे वाढते ते आपण घातलेलेच असेल याची खात्री नसते. हवेतील यीस्ट आणि इतर जिवाणू गुळावर अधिक वेगाने वाढतात, आणि दोन-तीन दिवसांनी दिसणारा फेस हा बहुधा त्यांचा असतो. स्युडोमोनास आणि बर्कहोल्डेरिया या कुळांतील काही जाती वनस्पतींना उपयोगी असल्या तरी अशक्त माणसांत आजार निर्माण करू शकतात, म्हणून अनोळखी जिवाणू घरी मोठ्या प्रमाणात वाढवणे आरोग्याच्या दृष्टीनेही बरोबर नाही.

जीवामृत आणि शेणस्लरी यांत असंख्य प्रकारचे सूक्ष्मजीव एकत्र असतात. उभ्या झाडाच्या जमिनीत त्यांना स्थान आहे. पण ताज्या कापाला ते लावणे म्हणजे उघड्या जखमेवर कुजवणारे सूक्ष्मजीव आणून ठेवणे होय. मुळे पांढरी व घट्ट दिसू लागल्यानंतर ते पातळ करून द्यावे.

काडीला पाने फुटली आणि मग ती सुकली. जिवाणू कमी पडले का?

बहुधा नाही. काडीतील साठवलेल्या अन्नावर आणि पाण्यावर डोळे आधी फुटतात, मुळे नंतर येतात. पाने दिसली म्हणजे काडी रुजली हा समज रोपवाटिकेत सर्वाधिक नुकसान करतो, कारण त्या आनंदात शेडनेट काढले जाते किंवा पिशव्या उन्हात हलवल्या जातात. मुळे नसलेल्या काडीवरची पाने पाणी उडवत राहतात आणि चार-सहा दिवसांत कोंब माना टाकतो. डाळिंबात ३० ते ४५ दिवस होईपर्यंत काडी हलवू नये आणि ओढून पाहण्याचा मोह टाळावा. पाहायचेच असेल तर एक-दोन पिशव्या फाडून पाहाव्यात.

अशा वेळी पाणी वाढवणे हीदेखील चूक आहे. पाणी साचले की बुडाशी हवा उरत नाही, मुळे कुजतात आणि आपण लावलेले हवेशीर वातावरणात वाढणारे जिवाणूही मरतात. मूठभर माध्यम दाबल्यावर बोटांत ओल जाणवावी, पण पाणी ठिबकू नये.

मुळाशी गाठी आल्या तर त्या जिवाणूंच्या समजाव्यात का?

शेंगवर्गीय झाडांच्या बारीक मुळांवर छोट्या, आतून गुलाबी गाठी असतील तर त्या रायझोबियमच्या असतात आणि त्या हव्याच असतात. फळझाडाच्या बुडाशी खडबडीत, लाकडासारखी वाढणारी गाठ मात्र अॅग्रोबॅक्टेरियम ट्यूमेफेशियन्स या रोगकारक जिवाणूची असू शकते. असे रोप काढून जाळावे. डाळिंब व अंजिरात मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमींचा संशय धरावा.

अॅग्रोबॅक्टेरियमच्याच कुळातील एक वाण, के ८४, बुडाशी येणाऱ्या लाकडी गाठीच्या रोगाला प्रतिबंध करतो. ऑस्ट्रेलियातील अॅलन केर यांनी तो १९७० च्या दशकात वापरात आणला आणि लागवडीपूर्वी मुळे किंवा काड्या त्यात बुडवण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली. रोग लागण्याआधीच तो उपयोगी पडतो, आलेली गाठ तो बरी करीत नाही. तिसरा भाऊ, अॅग्रोबॅक्टेरियम रायझोजेनेस, काडीला झपाट्याने केसाळ मुळे आणतो आणि त्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु तो स्वतःची जनुके झाडाच्या पेशींत घालून हे करतो, म्हणजे ती मुळे जनुकीयदृष्ट्या बदललेली असतात. संशोधन संस्थांबाहेर त्याचा वापर करू नये.

माझ्या रोपवाटिकेत फरक पडतो की नाही, हे कसे ओळखावे?

बिनजिवाणूची ओळ ठेवूनच. एकाच झाडाच्या, एकाच दिवशी कापलेल्या २०० काड्या घ्याव्यात, त्या नीट मिसळून त्यांचे शंभर-शंभरचे दोन भाग करावेत. एका भागाला जिवाणूंचे द्रावण आणि दुसऱ्याला तेवढाच वेळ नुसते साधे पाणी द्यावे. पिशव्या आलटून पालटून ठेवाव्यात, नाहीतर एक ओळ सावलीत आणि दुसरी कडेच्या उन्हात असे होते. ४५ दिवसांनी दोन्हींतील रुजलेल्या काड्या मोजाव्यात, आणि जमल्यास प्रत्येकी दहा काड्या धुऊन मुळांची संख्या व लांबीही लिहून ठेवावी.

समजा साध्या ओळीत ६० आणि जिवाणूंच्या ओळीत ६८ काड्या रुजल्या. एवढा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो, म्हणून त्यावर निर्णय घेऊ नये आणि प्रयोग पुन्हा करावा. ६० विरुद्ध ८० असा निकाल आला तर त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. हा खटाटोप करणारी रोपवाटिका मला फार क्वचित दिसते, आणि म्हणूनच जिवाणूंविषयी आपल्याकडे ऐकीव मत फार आणि मोजलेली माहिती थोडी आहे. एक हंगाम ही वही ठेवली, तर कोणत्या जातीसाठी खर्च करायचा आणि कोणत्या जातीसाठी नाही हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही.

ट्रायकोडर्मा आणि मायकोरायझाही सोबत द्यावा का?

दोन्ही बुरशी आहेत. ट्रायकोडर्मा माध्यम भरताना मिसळावा, म्हणजे काडी लावेपर्यंत तो पसरतो. बॅसिलसचे काही वाण ट्रायकोडर्मालाही दाबतात, म्हणून दोन्ही एकाच बादलीत न कालवता आठवडाभराच्या अंतराने द्यावेत. मायकोरायझाला जिवंत मूळ लागते, त्यामुळे तो मुळे आल्यावर, पिशवी बदलताना मुळांलगत द्यावा.

तेल्या किंवा मर रोग असलेल्या बागेतील काडी जिवाणूंनी शुद्ध करून घेता येईल का?

नाही, आणि हा प्रश्न विचारला जातो तेव्हा मला खरोखर काळजी वाटते. तेल्याचा झँथोमोनास जिवाणू काडीवरील डागांत आणि सालीच्या भेगांत टिकून राहतो, तर मर रोगाची सेराटोसिस्टिस ही बुरशी लाकडात शिरलेली असते. वरून लावलेले उपयुक्त जिवाणू तेथे पोहोचत नाहीत. अशा काडीला मुळे फुटलीच, तर एका रोगट झाडाची शेकडो रोपे तयार होतात आणि ती ज्या शेतकऱ्याकडे जातील त्याची सगळी बाग धोक्यात येते. अशा बागेतून काडी घेऊच नये. डाळिंबाचे मातृवृक्ष पारखण्याबाबत सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचे मार्गदर्शन घ्यावे आणि द्राक्षाच्या खुंटांबाबत मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राशी बोलावे.

मुळे आल्यानंतर शेतात लावताना पुन्हा जिवाणू द्यावेत का?

होय, आणि या टप्प्यावर दिलेले जिवाणू मला काडीला दिलेल्यांइतकेच महत्त्वाचे वाटतात. रोपवाटिकेतील पिशवी हे राखलेले घर असते. शेतातील जमिनीत रोपाला अनोळखी सूक्ष्मजीव आणि उन्हाचा ताण एकदमच भेटतो. लावण्याआधी दोन आठवडे रोपे टप्प्याटप्प्याने उन्हाला सरावू द्यावीत. खड्ड्यात पूर्ण कुजलेले शेणखत, स्फुरद विरघळवणारे जिवाणू आणि अॅझोटोबॅक्टर मिसळावेत, कारण आता तेथे सेंद्रिय कर्बही आहे आणि विरघळवण्याजोगा स्फुरदही. रासायनिक खत त्याच वेळी त्याच मुठीत घालू नये, ते पंधरा दिवसांनी बाजूने द्यावे. मुळांचा गोळा फुटू न देता पिशवी कापावी, रोप संध्याकाळी लावावे आणि लगेच पाणी द्यावे.